आत आले किती, बाहेर गेले कुठे?

मागील दोन लेखांत आपण विहिरीच्या पाण्याचे शुद्धीकरण कसे करावे, ते पाहिले. आजचा विषय वरवर पाहता आरोग्याचा वाटणार नाही. कारखान्याने आपल्या प्रदूषणाचा हिशेब स्वतःहून मांडणे, ज्याला पर्यावरण लेखापरीक्षण म्हणतात, तो हा विषय आहे. 'आपल्या पेठला कुठे आले आहेत मोठे कारखाने?' असे वाचक साहजिकच विचारतील. त्याचे उत्तर माझ्या दवाखान्यात आलेल्या एका तरुणापासून सुरू करतो.

वय पंचविशीच्या आतबाहेर. नाकातून वारंवार रक्त येते, खपल्या धरतात, ही तक्रार. पहिल्या खेपेला मी मलम दिले. दुसऱ्या खेपेला सायनसची औषधे लिहून दिली. तिसऱ्या खेपेला त्याने हसत हसत सांगितले, "डॉक्टर, श्वास घेतला की नाकातून शीळ वाजते." मग मात्र मी बॅटरी लावून नीट पाहिले. दोन नाकपुड्यांमधल्या पडद्याला भोक पडलेले होते. एका नाकपुडीत धरलेला उजेड दुसरीतून दिसत होता. बोटांवर आणि मनगटाजवळ गोल, खोल व्रणही होते.

"काम काय करतोस?" मी विचारले.

"चमकवायचं. लोखंडी दांडे हौदात बुडवून काढायचे."

"हौदात काय असतं?"

"लालसर पाणी असतं. ॲसिड म्हणतात."

"कसलं ॲसिड?"

"ते कोण सांगतं, डॉक्टर? ड्रमवरचा कागद आम्ही येण्याआधीच फाडलेला असतो."

चमकवण्याचे काम, लालसर पाणी आणि नाकाच्या पडद्याला भोक, या तीन गोष्टी एकत्र आल्या की वैद्यकशास्त्र शिकलेल्या माणसाला एकच नाव आठवते, ते म्हणजे क्रोमियम. रोग्याला 'तू काम काय करतोस?' हे अवश्य विचारावे, असे रामाझ्झिनी नावाच्या इटालियन वैद्याने १७०० साली आपल्या ग्रंथात लिहून ठेवले आहे. मी ते तिसऱ्या खेपेला विचारले. ही चूक माझी. पण तो ज्या कारखान्यात राबत होता, तिथेही एक साधा प्रश्न कोणी वहीत लिहिला नव्हता. आत माल आला किती आणि बाहेर गेला कुठे, हाच तो प्रश्न. पर्यावरण लेखापरीक्षणाचे सारे सार त्यात आहे.

हिशेब पैशांचा नव्हे, किलो-लिटरचा

सोसायटीचे किंवा पतपेढीचे ऑडिट आपल्याला ठाऊक आहे. तिथे रुपयाचा मेळ घालतात. पर्यावरणाच्या ऑडिटमध्ये वस्तूंचा मेळ घालतात. कच्चा माल किती आला, पाणी किती घेतले, कोळसा किती जाळला, ही जमेची बाजू. तयार माल किती निघाला, सांडपाणी, धूर, गाळ आणि रिकामे ड्रम किती व कुठे गेले, ही खर्चाची बाजू. वस्तू नाहीशी होत नसते. जमा आणि खर्च यांत फरक निघाला, तर तेवढा माल कुठेतरी झिरपला, उडाला किंवा कोणाच्या तरी फुप्फुसात गेला, असे समजावे.

उदाहरणासाठी आपल्या तरुणाचाच धंदा घेऊ. समजा, महिन्याला १०० किलो क्रोमिक ॲसिड आले आणि धातूवर प्रत्यक्षात २० किलोइतकेच चढले. (हे आकडे केवळ समजण्यासाठी आहेत.) मग ८० किलो गेले कुठे? बराचसा भाग दांड्याला चिकटून बाहेर येतो आणि धुण्याच्या पाण्यातून गटारात जातो. काही जमिनीवर सांडतो, काही ड्रमच्या तळाशी राहतो. आणि हौदात वीज खेळत असताना जे बारीक बुडबुडे फुटतात, त्यांचे तुषार हवेत उडतात. हौदावर वाकून काम करणाऱ्याच्या नाकात जातात ते हेच तुषार. त्यांनी नाकाचा पडदा हळूहळू झिजतो. पुष्कळदा तो दुखतही नाही, म्हणून माणूस दुर्लक्ष करतो. हेच क्रोमियम वर्षानुवर्षे फुप्फुसात जात राहिले तर कर्करोगाचा धोका वाढतो, हे जगभर मान्य झालेले आहे.

आता गंमत अशी की, हिशेब मांडला की उपायही बहुधा त्याच वहीत सापडतो. भजी तळताना आपल्या घरातली बाई झारा कढईवर क्षणभर धरते. तेल निथळते, वाया जात नाही. दांडा हौदातून काढल्यावर थोडा वेळ वरच धरून निथळू दिला, तर तेच होते. दोन हौदांच्या मध्ये उतरती फळी बसवली की ठिबकलेले परत हौदात येते. धुण्यासाठी एकाऐवजी दोन-तीन हौद ओळीने ठेवले आणि स्वच्छ पाणी शेवटच्या हौदातून उलट पुढे आणले, तर पाणी कमी लागते. पहिल्या हौदातले दाट पाणी मूळ हौदात भर घालायला वापरता येते. हौदाच्या काठाशी हवा ओढून घेणारा पंखा बसवला की तुषार कामगाराच्या तोंडापर्यंत येत नाहीत. उरलेल्या सांडपाण्यातील विषारी क्रोमियम रसायन घालून कमी विषारी रूपात आणायचे, चुन्याने खाली बसवायचे आणि तो गाळ घातक कचऱ्याच्या अधिकृत जागी पाठवायचा. नदीनाल्यात सोडण्याच्या सांडपाण्यात या विषारी क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम इतकी कडक आहे, ती उगाच नव्हे.

यातले निम्मे उपाय फुकटचे आहेत. मालकाचे ॲसिड वाचते, पाणी वाचते आणि कामगाराचे नाकही वाचते. म्हणूनच समजदार कारखानदार हे ऑडिट कोणी सांगण्याची वाट पाहत नाहीत.

स्वतःहून कशासाठी?

प्रदूषणाचे कायदे आहेतच. १९७४ साली पाण्याचा, १९८१ साली हवेचा आणि भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८६ साली पर्यावरण संरक्षणाचा कायदा आला. महाराष्ट्राचे प्रदूषण नियंत्रण मंडळ तर १९७० सालचे, म्हणजे त्याही आधीचे आहे. पण सरकारी अधिकारी कारखान्यात येतो तो कधीमधी, आणि मालक तिथे रोज असतो. मधुमेहाच्या रोग्याची साखर डॉक्टर महिन्यातून एकदा पाहतो. रोज पथ्य पाळायचे ते रोग्यानेच. स्वेच्छेच्या ऑडिटमागे हाच विचार आहे.

अमेरिकेत काही मोठ्या कंपन्यांनी १९७० च्या दशकातच अशा तपासण्या सुरू केल्या होत्या. पण त्यांना एक भीती होती. आपणच आपले दोष कागदावर उतरवायचे आणि उद्या तोच कागद कोर्टात आपल्याविरुद्ध यायचा, म्हणजे हात दाखवून अवलक्षण! त्यावर तिथल्या सरकारने १९८६ साली अशा ऑडिटला उत्तेजन देणारे धोरण जाहीर केले आणि १९९५ साली आणखी एक पाऊल टाकले. जो कारखाना आपला दोष स्वतः शोधून काढील, ठरलेल्या मुदतीत कळवील आणि दुरुस्त करील, त्याच्या दंडात मोठी सवलत. म्हणजे लपवण्यापेक्षा सांगणे स्वस्त केले.

१९९६ साली आय.एस.ओ. १४००१ हे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रही आले. नाशिकला कारखान्यांच्या फाटकावर त्याच्या पाट्या आपण पाहतो. त्याबद्दल एक लक्षात ठेवावे. या कारखान्यात पर्यावरणाचा कारभार पद्धतशीर चालतो, असे ते प्रमाणपत्र सांगते. धुरात किंवा पाण्यात अमुक इतकेच विष असावे, अशी मर्यादा ते घालून देत नाही. घरात वजनकाटा आहे म्हणून वजन ताब्यात आहे, असे होत नाही.

आपल्याकडे केंद्र सरकारने १३ मार्च १९९२ रोजी अधिसूचना काढली. प्रदूषण मंडळाची संमती घ्यावी लागणाऱ्या प्रत्येक कारखान्याने दरवर्षी 'पर्यावरण लेखापरीक्षण अहवाल' द्यावा, असे तिने ठरवले. पुढच्याच वर्षी, १९९३ मध्ये, तिचे नाव बदलून 'पर्यावरण विवरणपत्र' असे झाले आणि ३० सप्टेंबर ही तारीख ठरली. पाच क्रमांकाचा हा नमुना आजही भरावा लागतो. पाणी किती वापरले, कच्चा माल किती लागला, बाहेर काय किती सोडले, घातक कचरा कुठे टाकला आणि प्रदूषण कमी करण्यासाठी काय केले, हे सारे त्यात विचारले आहे. नमुना चांगला आहे. अडचण एवढीच की, तो कारखाना स्वतः भरतो. अहवालाचे विवरणपत्र झाले आणि तपासणीची जागा निवेदनाने घेतली.

तपासणारा कोणाचे मीठ खातो?

इथे मुद्द्याची गोष्ट येते. तपासणी स्वतःची असो की बाहेरच्या माणसाकडून असो, ती खरी आहे हे कशावरून ठरवायचे? याचा धडा आपल्या शेजारच्या गुजरातेत मिळाला, आणि तो साऱ्या जगाने वाचला.

गुजरात उच्च न्यायालयाच्या आदेशाने तिथे १९९६ पासून प्रदूषण करू शकणाऱ्या कारखान्यांना बाहेरच्या तपासनिसाकडून दरवर्षी ऑडिट करून घ्यावे लागे. पण तपासनीस निवडायचा कारखान्याने आणि त्याला पैसे द्यायचे तेही कारखान्याने. वाईट अहवाल देणाऱ्याला पुढच्या वर्षी कोण बोलावणार? २००९ साली एस्थर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन या अर्थशास्त्रज्ञांनी गुजरात प्रदूषण मंडळाच्या साह्याने अहमदाबाद व सुरत भागातील ४७३ कारखाने घेऊन एक प्रयोग केला. निम्म्या कारखान्यांत जुनीच पद्धत ठेवली. उरलेल्या निम्म्यांत तपासनीस चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे नेमला, त्याचे मानधन एका मध्यवर्ती निधीतून ठरावीक दराने दिले आणि त्याच्या काही तपासण्यांची दुसऱ्याकडून फेरतपासणी केली. पुढे अचूक काम करणाऱ्यांना बक्षिसीही ठेवली.

निकाल डोळे उघडणारा होता. जुन्या पद्धतीच्या अहवालांत धुरातील धुलिकणांची मर्यादा मोडणारे कारखाने शेकडा ७ दिसत होते. फेरतपासणीत ते प्रत्यक्षात शेकडा ५९ निघाले! नव्या पद्धतीतल्या तपासनिसांकडून मर्यादा मोडणाऱ्याला 'ठीक आहे' असा खोटा शेरा मिळण्याचे प्रमाण शेकडा ८० ने कमी झाले. आणखी महत्त्वाचे म्हणजे, खरे आकडे वर जाऊ लागताच त्या कारखान्यांनी प्रदूषणही कमी केले, आणि जे सर्वांत जास्त घाण करत होते त्यांनी जास्त कमी केले. २०१३ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि २०१५ साली गुजरातच्या मंडळाने तपासनिसाची नेमणूक चिठ्ठीच्या पद्धतीने करण्याचा नियम केला.

माझ्या धंद्यातला माणूस हे लगेच समजेल. रक्ताचा रिपोर्ट 'नॉर्मल' आला तरच पैसे देईन, असे रोग्याने प्रयोगशाळेला सांगितले, तर सगळ्यांचेच रिपोर्ट नॉर्मल येतील. रोग मात्र आपली वाट चालतच राहील.

महाराष्ट्रात २०१७ साली प्रदूषण मंडळाने मोठ्या कारखान्यांना धुराडातील धुलिकणांच्या मोजमापावरून एक ते पाच तारे देण्याची योजना सुरू केली. हे तारे सामान्य माणसालाही पाहता यावेत, हा तिचा हेतू. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने पर्यावरण लेखापरीक्षण नियम अधिसूचित केले. त्यांत नोंदणीकृत लेखापरीक्षकांची तरतूद आहे आणि त्यांची नेमणूक कारखान्याच्या मर्जीने न होता चिठ्ठीसारख्या पद्धतीने व्हावी, असे म्हटले आहे. गुजरातचा धडा देशाच्या नियमात उतरला, हे चांगलेच झाले. नियम आला म्हणून स्वेच्छेचे महत्त्व मात्र कमी होत नाही. बाहेरचा तपासनीस वहीतले खोटे पकडील, पण हौदावर दांडा निथळू देणारा हात आतलाच लागतो.

आपला संबंध काय?

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. आपल्या तालुक्यातून वाहणारी दमणगंगा सह्याद्रीत उगम पावून सिल्वासा आणि वापीकडून दमणला समुद्रास मिळते. वापीच्या औद्योगिक वसाहतीचे नाव सर्वांना माहीत आहे. केंद्रीय प्रदूषण मंडळाने २००९ साली देशातील ८८ औद्योगिक विभागांचे प्रदूषण मोजले, तेव्हा अंकलेश्वरच्या खालोखाल वापीचा दुसरा क्रमांक लागला होता. शंभरपैकी ८८.०९ गुण, आणि हे गुण मिरवण्याचे नव्हेत. नाशिकचेही नाव त्या यादीत होते.

आपल्या डोंगरातले पाणी स्वच्छ असते, घाण होते ती खाली. पण नागलीची कापणी संपली की आपली पोरेही त्याच पाण्यासारखी खाली उतरतात. काही द्राक्षबागांत जातात, तर काही वापी, सिल्वासा, सातपूर, अंबडच्या कारखान्यांत. ठेकेदारामार्फत लागलेल्या पोराचे नाव कारखान्याच्या वहीत असेलच असे नाही. काम संपले की तो गावी येतो आणि दुखणेही त्याच्याबरोबर गावी येते. ते इथल्या दवाखान्यात उमटते, आणि त्याचे कारण लिहिलेला कागद शंभर किलोमीटरवर असतो किंवा नसतोच.

दुसरी वाट ड्रमची. उन्हाळ्यात पाण्याची टंचाई पडली की बाजारात निळे जुने ड्रम विकायला येतात. घरोघरी ते पाणी साठवायला घेतात. पूर्वी त्यात काय होते, हे कोणी विचारत नाही. घातक रसायनांचे रिकामे ड्रम हा कायद्याने घातक कचरा आहे, तो अधिकृत ठिकाणीच गेला पाहिजे. ज्या कारखान्यात 'ड्रम आले किती, गेले कुठे' ही नोंद खरी आहे, त्याचा ड्रम आपल्या स्वयंपाकघरात येऊ शकत नाही. ऑडिटचा आणि आपल्या माठातल्या पाण्याचा असा थेट संबंध आहे.

वाचकांनी काय करावे?

१) कारखान्यात काम करणाऱ्याने आपण हाताळतो त्या रसायनाचे नाव माहीत करून घ्यावे. ड्रमवरचा किंवा गोणीवरचा कागद वाचून ठेवावा. घातक रसायनांची माहिती कामगारांना देणे मालकाला बंधनकारक आहे. १९८७ साली कारखाना कायद्यात तशी दुरुस्ती झाली आणि त्याची जागा घेणाऱ्या नव्या कामगार संहितेतही ती तरतूद ठेवली आहे.

२) डॉक्टरकडे गेल्यावर कोणते काम, किती महिने, कोणत्या पदार्थात, हे न विचारताही सांगावे. आमच्या हातून विचारायचे राहून जाते.

३) कामाचे कपडे वेगळे धुवावेत. मुलांच्या कपड्यांत मिसळू नयेत. हात धुतल्याशिवाय नाकाला, विडीला किंवा भाकरीला लावू नयेत.

४) नाकातून वारंवार रक्त, बोटांवर न भरणारे व्रण, रात्रीचा कोरडा खोकला, सुटीत बरे वाटून कामावर पुन्हा सुरू होणारा त्रास, ही कामाच्या जागेची लक्षणे असू शकतात.

५) रसायनाचा जुना ड्रम कितीही धुतला तरी पाण्यासाठी किंवा धान्यासाठी वापरू नये. प्लॅस्टिकमध्ये मुरलेले रसायन साबणाने जात नाही.

६) ज्यांचा स्वतःचा लहानसा उद्योग आहे त्यांनी एक वही घालावी. आलेला माल, वापरलेले पाणी, निघालेला कचरा, एवढे तीन रकाने पुरेत. महिन्याच्या शेवटी मेळ बसला नाही तर लाज वाटू देऊ नये. तिथूनच सुधारणेला सुरुवात होते.

त्या तरुणाने कारखान्याचे नाव सांगायला आधी नकार दिला. ठेकेदाराने तंबी दिली होती, आणि त्याच्या गावचे आणखी चार जण तिथेच होते. क्रोमियमचे व्रण हा कायद्याने कळवायचा व्यवसायजन्य आजार आहे. असा रोगी आला की डॉक्टरनेही तो औद्योगिक सुरक्षा व आरोग्य विभागाला कळवला पाहिजे. पण त्या नमुन्यात कारखान्याचे नाव हा एक रकाना आहे, आणि तो माझ्यापुढे कोराच होता. महिन्याभराने तो परत आला. खिशातून त्याने ड्रमवरच्या कागदाचा एक फाटका तुकडा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "डॉक्टर, लिहा आता. त्या चौघांची पण नाकं बघा." मी अहवाल पाठवला, आणि त्या चौघांना एकेक करून तपासले. दोघांच्या पडद्यावर व्रण होते, भोक पडलेले नव्हते. त्यांना त्या कामावरून हटवणे एवढाच उपाय होता, आणि तो वेळेत झाला.

तो तरुण आता दिंडोरीकडे द्राक्षबागेत छाटणीला जातो. नाकाचे भोक बुजणारे नाही, शीळ अजून वाजते. कारखानदाराने आपण होऊन वही घातली असती तर ॲसिडचा प्रत्येक किलो कुठे गेला, हे त्यालाच आधी कळले असते. मला ते एका पोराच्या नाकात बॅटरी लावून कळले. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण व्यवहारात ठीक असेल. विषाच्या बाबतीत मूठ उघडलेलीच बरी.

पुढील आठवड्यात : द्राक्षबागेतील फवारणी आणि मजुरांनी घ्यावयाची काळजी.